पडदा नको

आमच्या बायकांच्या वॉर्डात पडदा एकच आहे. लोखंडी चौकट, हिरवं कापड, खाली चाकं. त्यातलं एक चाक मी इथे रुजू झालो तेव्हापासून फिरत नाही, त्यामुळे पडदा ओढला की फरशीवर असा काही कर्कश आवाज होतो की सगळ्या वॉर्डाचं बोलणं थांबतं. हा पडदा दोनच कामांसाठी जागचा हलतो. कुणी गेलं, तर घरचे येईपर्यंत खाटेभोवती लावतात. आणि कुणाच्या पाठीतलं पाणी काढायचं असलं, तर लावतात. बाकी सगळे आडोसे, अगदी बेडपॅनचासुद्धा, पेशंटच्या सोबतिणी आपल्या कमरेला गुंडाळलेली रंगीत कापडं, चितेंजे, सोडून आणि दोन टोकांना धरून स्वतःच करतात. 

आमच्या भागात डोकं धरून येणारे पेशंट पुष्कळ. रक्तातल्या आजारानं अंगातली ताकद गेलेली असते, मग एक बुरशी मेंदूभोवतीच्या पाण्यात शिरते. पाण्याचा दाब वाढतो, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, एकाचे दोन दिसायला लागतात आणि शेवटी काहीच दिसत नाही. औषध आहे आमच्याकडे, चांगलं आहे, पण दाब काही औषधानं उतरत नाही. त्यासाठी कमरेत सुई घालून पाणीच काढावं लागतं, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा. हे मी रोज सांगतो आणि रोज कुणीतरी मला सांगतं की डॉक्टर, ती सुई माणूस नेते.

मी डॉक्टर नाही, क्लिनिकल ऑफिसर आहे, पण दक्षिण मलावीतल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात हा फरक फक्त पगाराच्या दिवशी जाणवतो. माझं नाव गॉडविन लिकोंग्वे. सुई माणूस नेते हे लोकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हेही मला ठाऊक आहे. ते काय करतात, तर पेशंट बोलता-चालता असेपर्यंत सुईला नाही म्हणतात. तो बेशुद्ध झाला की घाबरून हो म्हणतात. मग आम्ही पाणी काढतो, आणि तोवर इतका उशीर झालेला असतो की तो जातो. सुई लागली आणि गेला, एवढंच गावात पोचतं.

त्यात माझी भर वेगळीच. मध्यंतरी पुरुषांच्या वॉर्डात एकजण आला, नातेवाईक आपणहून म्हणाले, काढा पाणी. मी तपासलं तर त्याचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा. अशा माणसाच्या डोक्यात एका बाजूला गाठ असू शकते, आणि खालून पाणी काढलं तर वरचा मेंदू खाली सरकून श्वासच बंद पडायचा. म्हटलं, ह्याला सुई नाही, आधी ब्लांटायरच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन डोक्याचा फोटो काढा. संध्याकाळपर्यंत सगळ्या आवारात झालं की बघा, लिकोंग्वेची स्वतःचीच हिंमत होईना. मी कपाळाला हात लावला. सुई टोचायच्या आधी मी नाही म्हणायची कारणं शोधतो, हीच तर माझी सगळी विद्या आहे. पण कुणाला सांगणार?

एनिफाला तिच्या नवऱ्यानं सायकलच्या मागे बसवून आणलं. चहाच्या मळ्यात पानं खुडायला जाणारी बाई, अंगानं काटक, पण आली ती दोन्ही हातांनी डोकं धरून. मान ताठ झाली होती. बोटातलं रक्त तपासलं, तर बुरशीच निघाली. मी तिच्यासमोर एक बोट धरलं आणि विचारलं, किती दिसतात?

"दोन," ती म्हणाली. "आणि दोन्ही धुरकट."

म्हणजे डोळे जायला लागले होते. मी औषध सुरू केलं आणि तिला म्हटलं, "पाठीतलं पाणी काढावं लागेल, आजच. काढलं तर डोकं उतरेल आणि डोळेही वाचतील."

"माझं काही नाही डॉक्टर, माझं डोकं फुटतंय, तुम्ही कुऱ्हाड घातली तरी मी नाही म्हणणार नाही," ती म्हणाली. "पण मामांना विचारा."

तिचा नवरा लायसन शेजारी उभा होता. तो पुढे झाला. "मी आहे ना. सही कुठे करू?"

खाटेपलीकडच्या सोबतिणी फस्सकन हसल्या. त्यात फागेस सगळ्यात मोठ्यानं. ही बाई समोरच्या खाटेवरच्या लेकीबरोबर आली होती आणि आल्यापासून वॉर्डाचा कारभार तिच्याच जिभेवर चालला होता. "जावईबापू," ती म्हणाली, "तुम्ही सरपण आणा. सही करायला मोठी माणसं येतील."

लायसन ओशाळला. मला त्याची दया आली, कारण मी त्याच जातीतला. आमच्याकडे सगळेच घरजावई. लग्न झालं की बायकोच्या गावी जाऊन राहायचं, तिच्या आईचं छप्पर शाकारायचं, पोरं जन्माला घालायची, आणि ती पोरं मामाची. माझ्या बायकोचं पोट कापायचं होतं तेव्हा तिच्या मामांनी होकार दिला. मी ह्याच दवाखान्यातला माणूस, पण मला फक्त मच्छरदाणी घेऊन यायला सांगितलं होतं.

"मामांना निरोप धाड," मी लायसनला म्हटलं. "आणि सांग, बसची वाट बघू नका."

नाझोंबे मामा दुसऱ्या दिवशी दुपारी उगवले. भर उन्हात कोट घातलेला, हातात टोपी, धुळीनं पांढरे झालेले बूट. खाटेपाशी बसले, भाचीचा हात हातात घेतला. ती डोळे उघडून म्हणाली, "मामा का?" मामांनी माझ्याकडे पाहिलं, कारण ती त्यांच्याकडे तोंड करून होती आणि तिनं ते विचारलं होतं.

मी त्यांना सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टर, गोळ्या द्या, सलाईन लावा," ते म्हणाले. "हवं तर माझं रक्त काढून घ्या. पण तिच्या पाठीला हात लावायचा नाही."

"मामा, आज नाही काढलं तर उद्या ती आंधळी होईल. परवा..."

"ती आंधळी झाली तर मी तिला हाताला धरून फिरवीन. मेलेलीला फिरवता येत नाही."

"अगदी बरोबर!" समोरून फागेस.

"तुम्ही गप्प बसा हो," सिस्टर म्पोसा म्हणाल्या. सिस्टर माझ्याहून मोठ्या, वॉर्ड त्यांचा, मी तिथे पाहुणा.

मी मामांना बाहेर आंब्याखाली नेलं. सकाळपासून मी तीन वॉर्ड फिरलो होतो, जेवलो नव्हतो, आणि आत ती बाई तासातासाला आंधळी होत होती. म्हटलं, "मामा, तुम्ही शहाणे माणूस दिसता. ही सुईची भुताटकी तुम्हाला कुणी सांगितली?"

"कुणी सांगायला कशाला हवी? मी पाहिली आहे," ते म्हणाले. "हिची आई. माझी थोरली बहीण. ह्याच वॉर्डात, त्या खिडकीखालच्या खाटेवर. तिलाही असंच डोकं धरलं होतं. तुमच्या आधी इथे जे कोण होते, त्यांनी हेच सांगितलं. पाणी काढतो म्हणाले. मी शेवटी हो म्हटलं. त्यांनी तो पडदा ओढत आणला, लावला, आणि मग काढलाच नाही. सुईसाठी लावलेला पडदा होता, तोच प्रेतासाठी राहिला." ते टोपी फिरवत राहिले. "गावात अजून म्हणतात, नाझोंबेनं बहीण सुईला दिली. तोंडावर कुणी म्हणत नाही. पण आता तिची लेकही मीच देऊ?"

"शेवटी हो म्हटलं म्हणजे? आधी नाही म्हणाला होतात?"

"थोरला भाऊ जोहान्सबर्गला होता. तो आल्याशिवाय एवढी मोठी गोष्ट मी एकट्यानं कशी ठरवायची? त्याला यायला आठवडा लागला. तोवर ती बोलायची बंद झाली होती. मग आम्ही दोघांनी मिळून..."

"मग ती तुमच्या होकारानं नाही गेली, मामा," मी म्हणालो. "तुमच्या आठवडाभराच्या नकारानं गेली."

बोलून गेलो. मामांनी टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली आणि आंब्याच्या मुळावर बसले. सिस्टर म्पोसा दारातून ऐकत होत्या. त्यांनी मला दंडाला धरून आत ओढलं.

"जिभेला काही हाड?"

"खोटं काय बोललो?"

"खरं कधी बोलायचं ते शिकवत नाहीत वाटतं तुमच्या कॉलेजात. त्या माणसाला ह्यातून बाहेर काढायचं होतं की अजून खोल ढकलायचं होतं?"

वाईट वाटलं, हे कबूल करतो. बहिणीला मारल्याचं ओझं त्या माणसानं इतकी वर्षं वाहिलं होतं, आणि मी ते उतरवायला म्हणून गेलो आणि दुसरं, पहिल्याहून जड, त्याच्या डोक्यावर ठेवून आलो. पण आत जाऊन एनिफाच्या डोळ्यांवर बॅटरी धरली, तेव्हा मला असंही वाटलं की माझं वाईट वाटणं तिच्या काही उपयोगाचं नाही. डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळेनासा झाला होता.

मामा बराच वेळ बाहेर बसून होते. लायसननं त्यांना पाणी नेऊन दिलं, ते त्यांनी घेतलं आणि तसंच हातात धरलं. मग उठले, आत आले आणि माझ्यासमोर सरळ उभे राहिले.

"भाऊ परत जोहान्सबर्गला आहे. त्याला विचारत नाही. पाणी काढा."

"काढतो."

"पण पडदा नको."

"अहो मामा, बायकांचा वॉर्ड आहे. तिची पाठ उघडी करावी लागते, कंबर उघडी करावी लागते."

"ते मला माहीत नाही. पडद्याचा आवाज झाला, तर ती भीतीनंच जाईल. आणि तिच्यामागे मीही जाईन. पडदा नको."

मी सिस्टरकडे पाहिलं, सिस्टरनी छताकडे पाहिलं. तेव्हा समोरच्या खाटेवरून फागेस उठली.

"काय हो डॉक्टर, बेडपॅनला आम्ही कधी तुमचा पडदा मागितला?" ती म्हणाली आणि कमरेवरचं वरचं चितेंजे सोडायला लागली. "उठा गं बायांनो. आणि आपल्याला बघायलाही मिळेल, हा माणूस आत करतो तरी काय ते."

हे खरं कारण होतं. मदत वगैरे नंतरची गोष्ट. बायका भराभर उठल्या. निळी, पिवळी, मक्याच्या कणसांची, एका चर्चच्या शताब्दीची, अशी चितेंजे एकमेकींत धरून त्यांनी खाटेभोवती गोल केला, आणि स्वतः तोंडं आत करून उभ्या राहिल्या. भाचीची उघडी पाठ मामानं बघायची नसते, म्हणून नाझोंबे मामा गोलाच्या बाहेर, खिडकीखालच्या त्या रिकाम्या खाटेपाशी, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लायसनला वॉर्डाबाहेरच ठेवलं होतं.

मी आधी माझी नाही म्हणायची कारणं पुन्हा एकदा शोधली. "माझी बोटं दाब. दोन्ही हातांनी. अजून जोरात." सारखी ताकद. पाय उचलायला लावले, दोन्ही उचलले. हसायला लावलं, तोंड वाकडं होत नव्हतं. फिट आलेली नव्हती, हिरड्यांतून रक्त नव्हतं, पाठीवर फोड नव्हता. शुद्धीवर होती. नाही म्हणायला काही सापडेना.

"हे सगळं कशाला?" फागेसनं विचारलं.

"हिला सुई चालेल की नाही, ते बघायला."

"म्हणजे कुणाकुणाला चालत नाही?"

"नाही चालत. त्यांना मी टोचत नाही."

"हे आधी नाही सांगितलंत कधी," ती म्हणाली, जणू मी तिच्यापासून चोरून ठेवलं होतं.

एनिफाला डाव्या कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी, आईच्या पोटातल्या पोरासारखी. सिस्टरनी तिला मानेमागून आणि गुडघ्यामागून घट्ट धरलं. कमरेच्या दोन हाडांना जोडणारी रेघ मी अंगठ्यानं चाचपली. पाठीतली नस ह्या रेघेच्या वरच संपते, खाली नुसतं पाणी, हे मी बोलून दाखवत होतो, एरवी बोलत नाही. पाठ औषधानं पुसली. बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि थांबलो.

"आता काय झालं?" एक बाई.

"बधिर व्हायला वेळ लागतो."

"माझ्या दिराच्या वेळी नव्हतं थांबलं कुणी," ती म्हणाली.

मग मोठी सुई. हलक्या हातानं, बेंबीच्या दिशेनं, थोडी आत, थोडी अजून. बोटांना तो बारीकसा धक्का कळला. आतली तार काढली आणि पाणी आलं, स्वच्छ, थेंबामागून थेंब, घाईघाईनं. मी लगेच दाब मोजायची नळी लावली. पाणी नळीत चढायला लागलं. चढता चढता माझ्या छातीपर्यंत आलं आणि नळीच्या वरच्या तोंडातून बाहेर सांडलं.

"देवा रे," फागेस पुटपुटली. "हे सगळं हिच्या डोक्यात होतं?"

"रक्त कुठाय?" मागची एक पुढे वाकून म्हणाली. "ते तर म्हणतात रक्त काढून विकतात."

"कुठाय रक्त? पाणी आहे नुसतं. नीट धर गं, तुझी बाजू खाली येतेय."

मी पाणी हळूहळू बाटलीत सोडत होतो. हे घाईनं करायचं नसतं, थोडं काढायचं, दाब मोजायचा, पुन्हा थोडं काढायचं. बाहेरून मामांचा आवाज आला.

"झालं का?"

"मामा, थांबा जरा."

"जिवंत आहे का, तेवढं सांगा!"

गोलातून कुणी काही बोलायच्या आत एनिफाच बोलली. तिचं तोंड गुडघ्यांत होतं, आवाज दबका येत होता. "मामा, आहे ना मी इथे. ओरडू नका हो, माझं डोकं..." आणि ती थांबली. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पाठीच्या हलण्याकडे पाहिलं, श्वास चालू होता. "माझं डोकं दुखत नाहीये," ती म्हणाली.

कुणीतरी चितेंजे सोडून तोंडाला हात लावला. "धर ते आधी!" फागेस तिच्यावर खेकसली.

दाब निम्म्यावर आल्यावर मी सुई काढली, पट्टी लावली, परत हातापायांची ताकद बघितली. एनिफाला पाठीवर झोपवलं. तिनं डोळे उघडले, छताकडे पाहिलं, मग बायकांकडे. "कोण गं तुम्ही सगळ्या?" ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "न्सिमा आहे का? सोबत घेवड्याचा पाला असेल तर बरं." लायसन हे दाराबाहेरून ऐकून मक्याचं पीठ शिजवायला सरळ चुलीकडे पळाला. एवढा मोठा पुरुष पळताना पाहून वॉर्ड हसला.

मी मामांना सांगितलं की हे उद्या परत करावं लागेल, आणि परवाही. दाब पुन्हा चढतो. डोळे पूर्ण परत येतील की नाही, तेही मला आज सांगता येणार नाही. त्यांनी मान हलवली. ते अजून त्या खिडकीखालच्या खाटेपाशीच उभे होते, गादीच्या कडेवर हात ठेवून.

"एक विचारू?"

"विचारा."

"माझ्या ताईचं डोकंही असंच उतरलं असतं?"

दुपारी हेच मी आपणहून, रागात, तिच्या भावाच्या तोंडावर फेकलं होतं. आता तोच विचारत होता, तर मला ते जड गेलं. "नक्की कुणी सांगू शकत नाही, मामा," मी म्हणालो. "पण पहिल्याच दिवशी काढलं असतं तर... बहुतेक हो."

"बरं," ते म्हणाले.

मला वाटलं, आता हे बाहेर जातील, आंब्याखाली बसून रडतील. ते गेले नाहीत. समोर फागेसच्या लेकीच्या खाटेपाशी गेले आणि फरशीवर मांडी घालून बसले. लेक कपाळावर ओला फडका ठेवून पडली होती. तिच्याही बोटातल्या रक्तात तीच बुरशी निघाली होती, आणि तिच्याही सुईला नाही म्हटलेलं होतं.

"हिचा मामा कुठे असतो?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ मोझांबिकमध्ये. सीमेपलीकडे," फागेस म्हणाली. "निरोप धाडलाय. येईल आठवड्याभरात, मग ठरवू."

नाझोंबे मामांनी टोपी मांडीवर ठेवली. ते मोठ्यानं बोलले नाहीत, पण वॉर्ड शांत होता आणि सगळ्यांना ऐकू गेलं. "माझी बहीण ह्याच वॉर्डात गेली. गावात म्हणतात, सुईनं गेली. मीही तेच म्हणत होतो. ती सुईनं नाही गेली. माझ्या होकाराची वाट बघत गेली."

फागेसनं लेकीच्या कपाळावरचा फडका उलटला. मग तिनं ब्लाउजमधून फोन काढला आणि नंबर लावला. पलीकडून बराच वेळ कुणी उचलेना, उचलला तेव्हा ती ओरडली. "ये तू, सावकाश ये! पण हो आत्ता म्हण. ... कशाला म्हणजे? मी सांगते म्हणून म्हण!"

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. तिनं फोन परत ब्लाउजात खोचला आणि माझ्याकडे बघून चितेंजे सोडायला लागली.

मी तिच्या लेकीपाशी गेलो, माझी दोन बोटं पुढे केली आणि म्हटलं, दाब, दोन्ही हातांनी. मागे बायका उठत होत्या. नाझोंबे मामा जमिनीवर हात टेकून उठले आणि परत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मुलीनं माझी बोटं दाबली. दोन्ही हातांची ताकद सारखी होती.